बळद दिसेपर्यंत

आमच्या भागात डिजिटल कॅमेरा आला तो भारनियमनाच्या बरोबरीनं. २००५ नंतरची ती वर्षं आठवून बघा. अंबाजोगाई, केज, रेणापूर, कुठंही जा. खेड्यात दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसायची, आणि नेमक्या त्याच दिवसांत खिशात मावणारे छोटे कॅमेरे घरोघर यायला लागले होते. पुण्याला नोकरीला लागलेला पुतण्या नाहीतर डी.एड.ला शिकणारी पोरगी, कुणाच्या तरी हातात तो असायचाच. रोल संपायची धास्ती नाही, धुवायचा खर्च नाही. लोकांनी हौसेनं फोटो काढले. हळदीचे काढले, डोहाळजेवणाचे काढले, पोळ्याला बैल सजवले त्यांचे काढले. आणि त्यातले बरेचसे काळे आले.

हे काळे फोटो माझ्याकडे येतात. माझा स्टुडिओ आहे अंबाजोगाईत. पासपोर्ट साइज, लग्नं, बारशी यावर घर चालतं. पण दुकानातली वर्दळ ओसरली की मी हे काम हातात घेतो. कुणाच्या पेन ड्राइव्हमधले, कुणाच्या चरे पडलेल्या सीडीतले, कुणी रुमालात बांधून आणलेल्या मेमरी कार्डातले फोटो उघडायचे आणि त्या अंधारात जे काही नोंदलं गेलंय ते बाहेर काढायचं. मला हे काम फार मोलाचं वाटतं. ते कसं करावं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठं थांबावं, याबद्दल माझी मतं पक्की आहेत.

आधी फोटो काळे का येतात ते सांगतो. समोर माणूस आहे की भिंत, हे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला कळत नाही (नव्या फोनना चेहरा ओळखता येतो, पण मी बोलतोय त्या काळातले कॅमेरे तेवढे हुशार नव्हते). सगळ्या दृश्याची सरासरी काढायची आणि ती मध्यम करड्यावर, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परतवणाऱ्या करड्यावर आणून ठेवायची, एवढंच मीटरचं काम. आता आमच्याकडचा एखादा म्हातारा डोळ्यांपुढे आणा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला पांढरा पटका, आणि या सगळ्याच्या मधोमध आयुष्यभर उन्हात रापलेला चेहरा. पांढऱ्यानं चौकट भरली की मीटरला वाटतं उजेड फार झाला, आणि शटर लवकर मिटतं. धोतर करडं येतं, चेहरा काळाठिक्कर. डोळे कुठं आहेत तेही कळत नाही. त्यात त्याला मानानं बसवलेलं असतं ओसरीवर, पाठीमागं अंगणातलं रखरखीत ऊन. लग्नाचं म्हणाल तर मुहूर्त गोरजाचा. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळापासून निघून मांडवात पोचेपर्यंत गोरज उलटून गेलेली असायची आणि लाइटही.

आणि घरं माळवदाची. हात-दीड हात जाडीच्या नव्हे, त्याहूनही रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर पांढऱ्या मातीचा थर, खिडक्या जवळजवळ नाहीतच. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचा पारा असताना आत गारवा राहायचा तो याच बांधणीमुळं. उजेडाला वाट दोनच: दार, आणि माळवदाला ठेवलेलं सानं, म्हणजे छतातलं भोक. त्या सान्यातून उन्हाचा एक झोत थेट जमिनीवर पडतो. कॅमेरा त्या झोतावर डोळा ठेवतो आणि बाकीचं घर बुडतं.

फोटो काळा आहे म्हणजे त्यात काही नाही, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवरच्या प्रत्येक बिंदूपर्यंत थोडा का होईना उजेड पोचलेला असतो. अंगणात शंभर वाट्या ओळीनं मांडल्या आणि नुसता शिडकावा होऊन गेला, तर एका वाटीत दोन थेंब पडतात, शेजारच्या वाटीत पाच, तिसरीत एकही नाही. तासभर दणकून पाऊस झाला की सगळ्या वाट्या साधारण सारख्या भरतात. प्रकाशाचे कण असेच बेभरवशानं येऊन पडतात. एका बिंदूवर सरासरी १०,००० कण येत असतील तर त्यात १०० चा, म्हणजे १ टक्क्याचा फरक पडतो. तो डोळ्याला दिसत नाही. १०० च कण आले असतील तर १० चा फरक पडतो, म्हणजे १० टक्के. काळा फोटो उजळला की जे रवाळ, खरखरीत दिसायला लागतं ते बरंचसं हे असतं. सॉफ्टवेअरनं ते घातलेलं नसतं, ते आधीपासूनच होतं. आपण आकडा वाढवला, म्हणून उजेड आणि उजेडाचा तुटवडा दोन्ही मोठे झाले.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. मोठ्या कॅमेऱ्याच्या १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जशीच्या तशी ठेवलेल्या फाइलमध्ये, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६,३८४ पायऱ्या असतात. पण त्या सारख्या वाटलेल्या नसतात. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणं. सगळ्यात उजळ एका स्टॉपला त्यातल्या निम्म्या, ८,१९२ जातात. त्याखालच्या स्टॉपला ४,०९६. असं निम्मं निम्मं होत जातं. चार स्टॉप अंडर गेलेल्या, म्हणजे हवा त्यापेक्षा तेवढा कमी उजेड मिळालेल्या फोटोच्या वाट्याला १,०२४ उरतात. तेवढ्यात अजून चांगलं काम होतं. पण आमच्याकडं येणारे फोटो रॉ नसतातच, ते जेपीईजी असतात. तिथं प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या, आणि चार स्टॉप अंडर असेल तर हातात साधारण ७० राहतात. शिवाय फाइल लहान करताना कॅमेऱ्यानं ८ बाय ८ बिंदूंच्या चौकोनांत हिशेब केलेला असतो आणि अंधारातले बारकावे सगळ्यात आधी टाकून दिलेले असतात. फोटो फार वर ओढला की ते चौकोन फरशीसारखे उमटतात. तिथं हात थांबवावाच लागतो.

एका फोटोबद्दल सविस्तर सांगतो. केजकडच्या दोघी बहिणी तो घेऊन आल्या होत्या. थोरलीच्या हळदीचा, माहेरच्या माळवदात काढलेला. ते घर आता नाही. पडझड झाली, ते उतरवून तिथं सिमेंटचं बांधलं. स्क्रीनवर पाहिलं तर सगळा काळोख आणि खाली डाव्या बाजूला एक पांढरा ठिपका, सान्यातून पडलेल्या उन्हाचा. मधे कुठंतरी नवरी असणार, एवढाच अंदाज.

मी डार्कटेबल हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आणि मूळ फाइलला हात लावत नाही. आपण केलेले बदल वेगळे लिहून ठेवतं. पहिलं काम रंगाचं. हळद पिवळी, मातीची भिंत पिवळी, म्हणून कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून तो आपोआप रंग जुळवतो ते, गोंधळतो आणि सगळं निळसर करून टाकतो. फोटोच्या कडेला एका माणसाची टोपी होती. ती पांढरी असणार हे आपल्याला माहीत आहे. तिच्यावरून रंग लावला. मग एक्स्पोजर, म्हणजे एकूण उजेड, तीन स्टॉप वर. जमिनीवरचा तो उन्हाचा ठिपका अगोदरच २५५ ला, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीला जाऊन टेकलेला होता. तिथं आता काही मिळणार नाही, तो तसाच पांढरा सोडला. त्यानंतर टोन इक्वलायझरनं फक्त खालच्या, सगळ्यात गडद भागांना उचललं. उचलल्याबरोबर कोपऱ्यांवर जांभळट झाक आली. खोल सावल्यांत हे नेहमी होतं, कारण काळ्याची पातळी ठरवताना झालेली बारीकशी चूक तिथं अनेक पटींनी मोठी होते. ती झाक काढली. मग नॉइज, म्हणजे मघाशी सांगितलेला खरखरीतपणा. त्यात लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांचा रंगीत नॉइज आधी काढायचा आणि निर्धास्त काढायचा, त्यानं काही बिघडत नाही. उजेड-अंधाराचा रवा मात्र जपून. तो सगळा पुसला तर शेणामातीनं सारवलेली भिंत प्लास्टिकसारखी गुळगुळीत दिसते. सारवलेल्या भिंतीला बोटांचे फराटे असतात. ते गेले तर भिंतच गेली.

हळूहळू नवरीचे हात दिसायला लागले, मग कपाळाची मुंडावळी, मग भोवतीच्या बायका. दोघी खुर्च्या पुढं ओढून बघत होत्या. मी अजून थोडं उचललं आणि नवरीच्या पाठीमागची भिंत आली. भिंतीतली देवळी, देवळीत काच काळवंडलेली चिमणी, खुंटीला अडकवलेली चाळण. आणि उजवीकडं, जमिनीपासून वितभर उंचीवर, चिंध्यांचा बोळा कोंबलेलं एक भोक.

धाकटी एकदम म्हणाली, "ताई, बळद! आपलं बळद हाय की गं हे!"

थोरली नवरी बघायची सोडून त्या भोकाकडंच बघत बसली. "बोळा बी तोच हाय," म्हणाली. "माईच्या लुगड्याचा."

ज्यांनी बळद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: भिंतीला लागून बांधलेली धान्याची कोठी. वरून ज्वारी ओतायची, लिंपून बंद करायची, आणि लागेल तशी खालच्या तोंडातून काढायची. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या घराचा तो जीव होता. पण बळदाचा फोटो कोण काढतं? फोटो नवरीचा काढतात, बाळाचा काढतात. बळद, उतरंड, तुळया, खणांची छतं, जातं मांडायची जागा, हे सगळं फोटोत आलं ते चुकून, पाठीमागं, अंधारात. त्यातून ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली, त्यातली कितीतरी या जाड भिंती आणि मातीनं जड झालेली छतं अंगावर कोसळून. आमच्याकडंही लोक कितीतरी दिवस घरात झोपायला धजत नव्हते. माळवदाची भीतीच बसली. ज्याला जमलं त्यानं पत्रे घातले, स्लॅब टाकला. ते बरोबरच केलं. पण त्यामुळं जी माळवदं उरली, आणि पुढं एकेक करून उतरवली गेली, त्यांच्या आतली नोंद फारशी कुणाकडं नाही. या काळ्या फोटोंच्या पार्श्वभूमीत ती आहे. म्हणून नवरीचा चेहरा नीट आला की काम झालं असं मी मानत नाही. मागची भिंत जितकी निघेल तितकी काढतो.

आता दुसरी बाजू, जिच्यावरून माझे लोकांशी वाद होतात. फोटो उजळला की पुढचा शब्द ठरलेला: "भाऊ, जरा गोरी करा ना तिला." मी करत नाही. बायोडेटाच्या फोटोलाही करत नाही, मग गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेलं तरी चालेल.

अंडर गेलेल्या फोटोत चेहरा असतो त्यापेक्षा काळा दिसतो, आणि तो त्याच्या खऱ्या रंगावर आणणं हे माझं काम. खरा रंग कुठला हे फोटोच सांगतो. त्याच उजेडात बसलेली पांढरी टोपी असते, हातात हिरवा चुडा असतो, कपाळाला कुंकू असतं. टोपी पांढरी होऊन तिच्या चुण्या दिसायला लागल्या, चुडा हिरवा झाला, कुंकू लाल झालं, की त्या वेळी चेहरा जिथं आहे तो त्या माणसाचा रंग. त्यापुढं नुसता चेहरा उचलला तर मान एका रंगाची आणि तोंड दुसऱ्या रंगाचं होतं, आणि माणूस घरात बसून वेगळ्याच उजेडात असल्यासारखा दिसतो. सावळ्या कातडीचं सौंदर्य तिच्या तुकतुकीत असतं. गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर, कपाळावर उजेडाची लहानशी चमक असते आणि भोवती खोल रंग. सरसकट उजेड वाढवला की चमक आणि खोली यांतलं अंतर मिटतं आणि चेहरा राखेसारखा होतो. म्हणून मी चेहऱ्याला मास्क लावून, म्हणजे फोटोतला नुसता तेवढा भाग निवडून, उजेड वाढवतो तेव्हा त्याच्या आतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि गडद यांतलं अंतर, तोही वाढवतो, आणि रंगाची गडदता जराशी.

हे मी कुठल्या सॉफ्टवेअरच्या व्हिडिओत शिकलो नाही, अजिंठ्याला शिकलो. लेणी क्रमांक १ मध्ये, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या त्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्राजवळच एक काळीसावळी स्त्री आहे. लोक तिला कृष्णवर्णी राजकन्या म्हणतात. चित्रकारानं तिचा रंग कुठंही फिका केलेला नाही. त्या लेण्यातल्या चेहऱ्यांवर नाक, ओठ, हनुवटी यांना हलक्या रंगाचा उठाव दिलाय आणि बाकी रंग आपल्या जागी खोल ठेवलाय. तिथं फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. त्यामुळं आमच्याकडं अजिंठ्याच्या सहलीचे फोटोही काळेच येतात. छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात तिथली चित्रं टिपली ती अगदी मंद उजेडात, कॅमेरा स्थिर ठेवून, लांबलचक एक्स्पोजर देऊन. हातात फोन धरून, मागच्या माणसाचा धक्का खात काढलेल्या फोटोला तेवढा वेळ मिळत नाही. पण त्यातूनही राजकन्या काढायची असेल तर तिला तिच्या रंगात काढायची.

फोटोच्या धंद्यात गोऱ्या रंगाचं माप फार जुनं आहे. कोडॅकच्या प्रयोगशाळांत प्रिंटचा रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचं छायाचित्र असलेलं कार्ड असायचं, शर्ली कार्ड म्हणत त्याला. तिचा चेहरा बरोबर आला की सगळ्यांचा बरोबर आला असं धरलं जाई. आज फोनमधला ब्युटी मोड विचारल्याशिवाय तेच करतो. माझ्या टेबलावर माप म्हणून अंबाजोगाईच्या माणसांचेच फोटो लावलेत, भर दुपारी सावलीत, नीट एक्स्पोजर देऊन काढलेले. डोळा भरकटला की त्यांच्याकडं बघतो.

सगळाच अंधार काढायचा नसतो, हेही सांगायला हवं. एका गोंधळ्याच्या मुलानं वडिलांचा फोटो आणला. रात्रीचा गोंधळ, चौक भरलेला, गळ्यात कवड्यांची माळ, कमरेला संबळ, आणि उजेड फक्त दिवटीचा. ज्योत सोडून बाकी काळं. मी बघायला म्हणून पूर्ण उचलून पाहिलं तर मागून प्लास्टिकच्या खुर्च्या, मोटारसायकल, पाण्याची टाकी असं सगळं निघालं, आणि रात्र राहिली नाही. ते परत खाली नेलं. दिवटीचा उजेड वडिलांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला आणि संबळावरच्या हातांवर पडला होता. तेवढाच भाग दोन स्टॉप उचलला. रंगही सुधारला नाही. ज्योतीचा उजेड १,९०० केल्विनच्या आसपास असतो, चांगला तांबडा-नारिंगी. तो पांढरा केला तर गोंधळ ट्यूबलाइटखाली झाल्यासारखा दिसतो. मुलाला आधी वाटलं काम अर्धवट राहिलं. मग त्यानं हात बघितले. "हां, ही बोटं त्यांचीच," म्हणाला.

हल्ली आणखी एक गोष्ट वाढलीय. लोक आधीच फोनवरच्या कुठल्यातरी एआय ॲपमधून जुना फोटो साफ करून आणतात. आजीचा चेहरा लख्ख, पापण्यांचे केस मोजता यावेत इतका साफ. मूळ फोटोत तो चेहरा वीस-पंचवीस बिंदूंचा असतो. त्यात पापण्या नव्हत्याच. ॲपनं लाखो चेहरे पाहिलेत, त्यांतल्या सरासरीनं डोळे बसवलेत. असाच एक फोटो एका घरात आईला दाखवला तर ती म्हणाली, "ही कोण बाई?" तिची स्वतःची आई होती ती. एआयला माझा सरसकट विरोध नाही. एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये आलेला एआय डिनॉइज रॉ फाइलवर इतकं सुंदर काम करतो की पूर्वी टाकून दिलेल्या फाइली लोकांनी पुन्हा काढल्या. पण नोंदलेल्यातला खरखरीतपणा कमी करणं वेगळं आणि जे कधी नोंदलंच गेलं नाही ते बनवणं वेगळं. आजीचे डोळे दिसत नसतील तर ते दिसत नाहीत असाच फोटो मी देतो. तिची बसण्याची ढब, पदर घ्यायची तऱ्हा, हातातलं काम, एवढं खरं निघतं, आणि घरचे लोक तिला त्यावरून ओळखतात.

म्हणून फोटो आणणाऱ्याला मी पहिल्यांदा मूळ फाइल मागतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चालत नाही. तो दाबून लहान होतो, तारीखही जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा कार्डच घेऊन या. कार्ड वाचत नसेल तर फॉरमॅट करू नका. आणि आता फोटो काढणार असाल तर पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला एक्स्पोजर एक स्टॉप वाढवून काढा, फोनवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड वर ओढा.

दुसरी मागणी अशी की येताना घरातल्या एखाद्या वयस्कर माणसाला बरोबर आणा. अंधारातून माणसं निघतात, पण ती कोण हे मला कळत नाही, आणि आणणाऱ्या पोरांनाही कळत नाही. त्या हळदीच्या फोटोत मागं घागर घेऊन उभी असलेली एक बाई होती. दोघी बहिणींना ती आठवेना. आठवड्यानं त्यांची चुलती आली, चष्मा वर करून स्क्रीनच्या जवळ गेली आणि नाव, गाव, नातं सगळं सांगून मोकळी झाली. ते सगळं मी फाइलच्या डिस्क्रिप्शनच्या रकान्यात टाकतो. तिथं देवनागरीत लिहिता येतं, आणि फोटो बाहेर काढताना ते त्याच्याबरोबर जातं. नावं डावीकडून लिहितो, बसलेल्यांपासून सुरुवात करून. माहेरचं नाव सांगणारं कुणी असेल तर तेही लिहितो, कारण हळदीच्या फोटोत बायका जास्त असतात आणि ज्या गावात तो फोटो काढला त्या गावात त्यांना माहेरच्या नावानंच ओळखत होते.